विश्वाचा आवाका कथेत कसा आणायचा: दाभोळच्या धक्क्यावरून मोजलेलं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. दाभोळच्या खाडीकाठी सुरू होणारी एक दीर्घ विज्ञानकथा लिहून होत आली आहे. नायिका बारा प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडे जाते, मागे आई राहते. पुढच्या भागात कथा दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) पातळीवर पोहोचते आणि शेवट विश्वाच्या अंताशी होतो. ज्यांनी मसुदा वाचला ते म्हणतात, ‘कोट्यवधी प्रकाशवर्षे मागे टाकून यान निघाले’ अशी वाक्यं आहेत, पण मोठं काही वाटत नाही. आवाका वाचकाच्या अंगावर कसा आणायचा, आणि विज्ञान कुठे कुठे घसरतं?

वाचक बरोबर सांगताहेत. लाखाच्या पुढे गेलं की मन सगळ्या संख्या ‘खूप’ नावाच्या एकाच पोत्यात भरतं. चार कोटी आणि चारशे कोटी यांत वाचणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, म्हणून आकडा वाढवून आवाका वाढत नाही. या प्रकारच्या कथेचा कणा उशीर हा आहे. अंतराच्या जागी उशीर लिहायला लागलात की निम्मं काम झालं. कोकणातल्या वाचकाला हे शिकवावंही लागत नाही. चाकरमान्याचं पत्र, दर्यावर गेलेल्या होडीची वाट, मुंबईहून निघालेली मनिऑर्डर, यांतून ‘लांब’ म्हणजे ‘उशिरा कळणारं’ हे इथल्या घराघरांत मुरलेलं आहे. तुमच्या मसुद्यात आई मागे राहते, म्हणजे हे भांडवल तुमच्याकडे आहेच, ते वापरलेलं नाही इतकंच.

पण आधी लेखकाच्या स्वतःच्या डोक्यात माप बसलं पाहिजे. त्यासाठी एक प्रतिकृती मनात धरा आणि पूर्ण कथा होईपर्यंत ती बदलू नका. सूर्य म्हणजे दाभोळच्या धक्क्यावर ठेवलेला १४ सेंटिमीटरचा नारळ. हे माप एकास एक हजार कोटी असं येतं. या मापात पृथ्वी नाचणीच्या दाण्याएवढी, सव्वा मिलिमीटरची, नारळापासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरच्या आत. गुरू म्हणजे एक करवंद, ७८ मीटरवर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे अजून गावातच. आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा हा तारा? तो एका सुपारीएवढा, आणि ती सुपारी ठेवायला अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत, इथिओपियापर्यंत, चार हजार किलोमीटर जावं लागेल. मधे जवळजवळ काहीही नाही. याच मापात प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर होतो, म्हणजे मुंगीच्या चालीएवढा. नारळापासून निघालेली मुंगी नाचणीच्या दाण्यापर्यंत ८ मिनिटं २० सेकंदांत पोहोचते आणि सुपारीपर्यंत पोहोचायला तिला सव्वाचार वर्षं लागतात. तुमची नायिका या मुंगीहून वेगाने कधीच जाऊ शकत नाही, हे मनात पक्कं बसलं की खोटी वाक्यं आपोआप लेखणीतून उतरेनाशी होतात.

दुसऱ्या भागासाठी हे माप अपुरं पडतं. तिथे एक प्रकाशवर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा. आता सूर्य एका अणूएवढा झाला आणि सुपारी त्याच्यापासून चार मिलिमीटरवर आली. आपली आकाशगंगा धक्क्यावर पसरलेली शंभर मीटर व्यासाची तबकडी होते, सूर्य तिच्या मध्यापासून २६ मीटरवर. शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका अडीच किलोमीटरवर, म्हणजे धोपाव्याची फेरीबोट घेऊन खाडी ओलांडायची आणि पलीकडे थोडं चालायचं. कन्या राशीतला दीर्घिकांचा गुच्छ ५४ किलोमीटरवर, गणपतीपुळ्याच्या जरा पुढे. आणि दिसू शकणाऱ्या विश्वाची कड ४६,५०० किलोमीटरवर, पृथ्वीला पूर्ण फेरी मारूनही साडेसहा हजार उरतात. दोन्ही मापं एकाच प्रकरणात आणू नका. दोन पट्ट्या एकदम हातात दिल्या की वाचक दोन्ही टाकून देतो.

आता मुख्य कामाकडे वळू, कारण तुमच्या कथेत सर्वांत जास्त ऐवज इथेच दडलाय. बारा प्रकाशवर्षांवरचा तारा म्हणजे टाउ सेटी धरा. ११.९ प्रकाशवर्षं, सूर्याच्या जातीचा पण त्याहून मंद, देवमाशाच्या तारकासमूहातला. खाडीकाठच्या कथेला याहून चांगला तारा मिळणार नाही. डिसेंबरच्या मध्यावर रात्री पावणेनऊच्या सुमारास तो दाभोळहून दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५६ अंशांवर असतो आणि गावातले दिवे टाळले तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आई त्याच्याकडे बघू शकते, हे कथेसाठी फार मोलाचं आहे.

एक वही घ्या आणि चार रकाने आखा: यानातलं घड्याळ, दाभोळचं घड्याळ, अंतर, आणि त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. यान पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या प्रवेगाने, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद अशा दराने, निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवतं, मग तोंड फिरवून त्याच दराने वेग कमी करतं. यामुळे आत चालणं, झोपणं, चहा ओतणं सगळं घरच्यासारखं होतं, आणि फिरत्या चाकाचं यान वर्णन करण्याची कटकट वाचते. सापेक्षतेच्या सूत्रांत हे घातलं की आकडे असे येतात: यानात ५ वर्षं आणि जेमतेम दोन महिने, दाभोळात १३ वर्षं ८ महिने. मध्यावर वेग प्रकाशाच्या ९९ टक्के, आणि त्या क्षणी यानातला एक दिवस म्हणजे घरचे सात.

मसुद्यात आई ४५ वर्षांची आहे असं समजू. लेक पोहोचते तेव्हा आई ५८ ओलांडून गेलेली असते. पण पोहोचल्याचं आईला कळत नाही. ‘पोचले’ हा निरोप यायला आणखी ११.९ वर्षं लागतात, म्हणजे आई सत्तरी ओलांडते तेव्हा तो दाभोळात उतरतो. तिने त्याच रात्री उत्तर धाडलं तरी ते लेकीला मिळेपर्यंत यान निघाल्याला साडेसदतीस वर्षं झालेली असतात आणि आई, असली तर, ब्याऐंशीची असते. हे एवढंच, कोणतंही विशेषण न लावता सांगितलं, तरी बारा प्रकाशवर्षं म्हणजे काय ते वाचकाला कळतं.

याहून बारीक एक गोष्ट बहुतेक लेखक सोडून देतात. वाटेत निरोप कसे पोहोचतात? यान प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळतंय, मागून निघालेला रेडिओचा निरोप त्याचा पाठलाग करतोय. गणित केलं तर दिसतं की मधल्या वळणापर्यंत, म्हणजे यानातल्या पहिल्या अडीच वर्षांत, नायिकेला घरच्या फक्त पहिल्या अकरा महिन्यांच्या बातम्या मिळतात. उरलेल्या अडीच वर्षांत आणखी अकरा महिन्यांच्या. ती टाउ सेटीला उतरते तेव्हा घरची तेरा वर्षं आठ महिने होऊन गेलेले असतात आणि तिच्या हाती त्यांतली पावणेदोनच वर्षं असतात. तिच्या दृष्टीने भाऊ अजून शाळेत आहे. प्रत्यक्षात त्याचं लग्नही झालेलं असेल.

आणि यानाने वळण न घेता तसाच वेग वाढवत ठेवला तर? तेव्हा निघाल्यापासून साधारण साडेअकरा महिन्यांनंतर पाठवलेला कोणताही निरोप त्याला कधीच गाठत नाही. प्रकाशसुद्धा कायम मागेच राहतो. नायिकेच्या मागे एक क्षितिज तयार होतं आणि दाभोळ त्याच्या पलीकडे जातं. तोंड फिरवण्याचा निर्णय हा फक्त इंजिनाचा निर्णय राहत नाही, घराशी बोलणं चालू ठेवण्याचाही होतो. तुमच्या पुढच्या भागात ती टाउ सेटीला न थांबता दीर्घिकेच्या मध्याकडे जाते असं म्हणता, तर ताटातूट नेमकी इथे घडवा. वाटेत फुटलेला अँटेना, बिघडलेला ट्रान्समीटर यांची गरजच नाही.

आवाजही जसाच्या तसा येत नाही. ९९ टक्के वेगाला मागून येणारी लहर चौदापट ताणली जाते. आईचं एका तासाचं बोलणं उतरायला चौदा तास लागतात, आणि १,४२० मेगाहर्ट्झवर धाडलेला संदेश १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात, शोधावा लागतो. यानातल्या यंत्राने तो ध्वनिमुद्रित करून वेग वाढवून ऐकवायचा. ‘पडद्यावर आईचा चेहरा झळकला आणि दोघी बोलू लागल्या’ हे वाक्य चंद्रापर्यंतच चालतं, तिथेही प्रत्येक प्रश्नोत्तरात अडीच सेकंदांची खोट पडते.

इंधनाबद्दल प्रामाणिक राहा. वाचक हिशेब मागत नाही, पण लेखकाला तो ठाऊक नसेल तर कुठेतरी उघडं पडतं. एक किलो वस्तूला प्रकाशाच्या फक्त दहा टक्के वेग द्यायला सुमारे ४.५ गुणिले १० चा १४ वा घात इतके जूल लागतात. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पोफळीपासून सगळी जनित्रं पूर्ण क्षमतेने ६४ तास चालवली आणि एक युनिटही वाया गेलं नाही, तर तो एक किलो दहा टक्क्यांना पोहोचेल. हजार टनांच्या यानाला हाच हिशेब सात हजार वर्षांहून पुढे जातो, आणि थांबायला पुन्हा तेवढीच ऊर्जा. ९९ टक्क्यांचं तर विचारूच नका: वस्तुमानाचं शंभर टक्के प्रकाशात रूपांतर करणारं आदर्श इंजिन धरलं तरी तिथे एक टन उतरवायला इथून दोनशे टन निघावं लागतं, आणि परतीचंही इंधन सोबत घ्यायचं तर चाळीस हजार टन. म्हणून एक सवलत उघडपणे मागून घ्या. ऊर्जा कुठून येते ते एका वाक्यात सांगा, ते काल्पनिक आहे हे वाचकाला कळू द्या, आणि बाकी सगळं कडक ठेवा. एका कथेत एक सवलत शोभते. तिसऱ्या सवलतीला वाचक उठून जातो.

समोरून येणारी धूळही हिशेबात धरा. दहा टक्के वेगाला एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर शंभर किलो टीएनटीच्या स्फोटाएवढी ऊर्जा सुटते. यानाच्या पुढे ढाल हवी, बर्फाची किंवा धातूची, आणि ती वाटेत झिजत गेली पाहिजे. झिजणारी ढाल हा काळ मोजण्याचा कथेला फुकट मिळालेला एक मार्ग आहे.

खिडकीतून काय दिसतं यात सर्वांत जास्त चुका होतात. ९९ टक्के वेगाला आजूबाजूचं आकाश पुढे सरकतं. थांबलेल्या माणसाला जे अर्धं आकाश दिसलं असतं ते सगळं समोर आठ अंश त्रिज्येच्या वर्तुळात गोळा होतं. हात लांब करून वीत पसरलीत तर त्याहून लहान वर्तुळ. मागे काळोख. तारे रेषा होऊन मागे धावत नाहीत. तेजोमेघांचे गुलाबी-निळे रंग कॅमेऱ्याच्या लांब उघडझापीतून येतात, माणसाच्या डोळ्याला मंद प्रकाशात रंग कळत नाहीत, तेजोमेघ जवळून पाहिला तरी राखाडी धूसर दिसतो आणि जवळ गेल्याने तो अधिक उजळतही नाही, फक्त मोठा होतो. लघुग्रहांच्या पट्ट्यात यान दगड चुकवत जात नाही, मोठे दगड एकमेकांपासून लाखो किलोमीटरवर असतात. आणि आकाशगंगा व देवयानीच्या मधोमध उभ्या असलेल्या डोळ्याला एकही तारा दिसणार नाही. दोन-चार पुसट डाग, बस. ही जागा नीट लिहिलीत तर विश्वाचा आवाका तिथे सापडेल. अवसेच्या रात्री, मासेमारी बंद असताना, सड्यावरून दर्याकडे पाहिलं की जो काळोख दिसतो त्यातही तारे असतात. इथे तेही नाहीत. आवाका दाखवायचा म्हणजे वस्तूंची गर्दी करायची असं वाटतं, पण विश्वात जवळजवळ सगळी जागा रिकामी आहे आणि रितेपण लिहिणं हीच या प्रकारातली खरी कसोटी आहे.

आकाशाचं पंचांगही सांभाळा. मसुद्यात आषाढातल्या रात्री नायिका अंगणातून आकाशगंगेचा मध्य पाहते. तो धनू राशीच्या दिशेला आहे आणि जून ते ऑगस्ट रात्रभर दिसण्याजोगा असतो हे खरं, पण त्या दिवसांत कोकणात ढग असतात. प्रसंग मार्चअखेरच्या पहाटे आग्नेयेला ठेवा किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी नैऋत्येला, समुद्राच्या बाजूला. जवळच्या शेजाऱ्याचा उल्लेख हवा असेल तर मित्र तारा (अल्फा सेंटॉरी, प्रॉक्झिमाचा सोबती) मे अखेरीस रात्री साडेदहा-अकराला दक्षिण क्षितिजावर जेमतेम अकरा-बारा अंश वर येतो, पाऊस यायच्या आधीचे ते शेवटचे स्वच्छ दिवस. आणि अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर आहे: आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचं आरमार फिरत होतं. असा एक दाखला पानभर आकड्यांपेक्षा जास्त काम करतो, मात्र कथेत एकदाच.

स्थानिक दाखला घेताना तो तपासून घ्या. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला ही गोष्ट कोकणात आवडीने सांगितली जाते आणि मोह पडावा अशीच ती आहे. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, आपलं निरीक्षण केलं. लॉकियर यांचा विजयदुर्गावरचा तळ पडला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरच वेगळा काढला होता. दोन ग्रहणांची गल्लत झाली असावी. कथेत आजोबांच्या तोंडी ही गोष्ट जरूर घाला, निवेदकाच्या तोंडी घालू नका. निवेदकाची एक चूक सापडली की टाउ सेटीचं बिनचूक गणितही संशयास्पद ठरतं.

काळाच्या बाबतीत कोकणची भूमी लेखकाला भरभरून देते. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. सूर्याला दीर्घिकेच्या मध्याभोवती एक फेरी मारायला साधारण २३ कोटी वर्षं लागतात. म्हणजे तो लाव्हा थिजल्यापासून सूर्याची पाव फेरी आणि वर थोडी, इतकीच वाट झाली. उलट जवळचा काळही वाटतो तितका स्थिर नाही. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा कितीतरी पश्चिमेला होता आणि दाभोळची खाडी आजच्या रूपात नव्हती. नायिका दीर्घिकेच्या मध्याकडे गेली तर तिच्या घड्याळाने वीसच वर्षं लागतात, पण इथे सव्वीस हजार होतात, आणि परत येईपर्यंत बावन्न हजार. तुम्ही तिला त्याच धक्क्यावर उतरवलंय. तिथे धक्का राहणार नाहीच, पण समुद्राची पातळी, खाडीचं मुख, सप्तर्षींचा आकार, यांतलंही काही जसंच्या तसं नसेल. देवयानीला जाऊन यायचं तर यानात सत्तावन्न वर्षं आणि इथे पन्नास लाख. भारताची भूमी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, त्या हिशेबाने पन्नास लाख वर्षांत ती अडीचशे किलोमीटर सरकलेली असेल.

भरतीचा उपयोग करून घ्या. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हा ठोकताळा नायिकेला आजोबांनी शिकवलेला असू द्या. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातोय आणि पृथ्वीचा दिवस हळूहळू लांबतोय. कोट्यवधी वर्षांनंतरच्या समुद्रावर उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) असतील, पण पाऊणकी चुकेल. सुमारे ६० कोटी वर्षांनी खग्रास सूर्यग्रहण बंद होईल, कारण चंद्राची तबकडी अपुरी पडेल. सूर्य शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्के अधिक तेजस्वी होतो, आणि तेवढ्यानेच समुद्र टिकणं अवघड होतं. सूर्य तांबडा राक्षसी तारा व्हायला पाचशे कोटी वर्षं आहेत म्हणून पृथ्वीही तोवर हिरवी ठेवणं ही नेहमीची चूक आहे. दर्या त्याच्या फार आधी जातो.

परग्रहावरच्या प्राचीन संस्कृतीचं प्रकरण मसुद्यातलं सर्वांत कच्चं आहे. तिथे सगळं लगेच वाचता येतं, लगेच उलगडतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पं आठवा. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, कोरणारे आपल्याच मानवजातीचे, आपल्याच पायाखालच्या जांभ्यावर कोरून गेलेले, आणि तरीही बऱ्याच आकृत्यांचा अर्थ आपल्याला लागत नाही. मग दुसऱ्या ताऱ्याच्या जीवांनी दहा लाख वर्षांपूर्वी ठेवलेली खूण नायिकेला तीन पानांत कशी समजेल? हत्ती ओळखता यावा आणि शेजारची चौकट ओळखता येऊ नये, अशा अर्धवट समजण्यावर ते प्रकरण उभं करा. त्या जीवांनी ताऱ्याभोवती कवच बांधून त्याची सगळी ऊर्जा वापरली असं लिहिलंय, ते चालेल, खगोलशास्त्रज्ञ कार्दाशेव यांच्या १९६४ च्या, ऊर्जेच्या वापरावरून केलेल्या संस्कृतींच्या वर्गवारीत ती दुसरी पायरी होते. पण वापरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडणारच. पृथ्वीच्या कक्षेएवढं कवच अवरक्त प्रकाशात ठळक दिसेल. ‘पूर्ण अदृश्य’ हा शब्द काढा.

भाषेतल्या दोन-तीन चुका भरभर सांगतो. ‘हजार प्रकाशवर्षांपूर्वी’ असं नसतं, प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा अब्ज, मिलियन म्हणजे दहा लाख. भाषांतरित लेखांतून आकडे उचलताना इथे हजारपट चूक होते आणि तुमच्या मसुद्यात ती दोनदा झालीय. निवेदन कोटीतच ठेवा. आजोबा जुनी गणती म्हणत असतील तर अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध ही पाटी सुंदर आहे: परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि विश्वाचं १,३८० कोटी वर्षांचं वय सेकंदांत मोजलं तर चार परार्धांहून थोडं जास्त भरतं. हा आकडा नायिकेला स्वतः काढू द्या.

शेवटच्या भागात विश्व ‘फुटतं’ असं दाखवलंय. आजच्या समजुतीप्रमाणे अंत इतका दिमाखदार नाही. विश्व प्रसरण पावतंय आणि प्रसरणाचा वेग वाढतोय. म्हणून १,३८० कोटी वर्षं वयाच्या विश्वाची दिसणारी कड ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि आज सुमारे १,७०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या दीर्घिकेकडे प्रकाशाच्या वेगाने निघालं तरी कधीच पोहोचता येत नाही. दिसणाऱ्या दीर्घिकांपैकी शंभरातल्या नव्वदहून जास्त अशा हाताबाहेर गेलेल्या आहेत, त्यांचा जुना प्रकाश तेवढा अजून येतोय. दहा हजार कोटी वर्षांच्या सुमारास आपल्या स्थानिक गटाबाहेरची (आकाशगंगा, देवयानी आणि लगतच्या लहान दीर्घिका सोडून) एकही दीर्घिका दिसणार नाही. आकाशगंगा आणि देवयानी यांची टक्कर ठरलेलीच आहे असं लिहू नका, २०२५ मध्ये आलेल्या गणितात पुढच्या एक हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता साधारण निम्मीच निघाली. टक्कर झाली तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत, नारळ आणि सुपारीमधलं अंतर आठवा. त्यानंतर तांबडे बटू तारे लाखो कोटी वर्षं जळतील, मग तेही विझतील, आणि सूर्याएवढं कृष्णविवर विरायला एकावर सदुसष्ट शून्यं इतकी वर्षं लागतील. हा शेवट फार सावकाश आहे. तो नायिकेच्या मागच्या क्षितिजासारखाच लिहा: आधी निरोप लांबतात, मग तांबूस होतात, मग येत नाहीत.

पुनर्लेखन शेवटापासून सुरू करू नका. आधी वळणानंतरचा प्रसंग लिहा. यान निघाल्याच्या पहिल्या वाढदिवशी आईने धाडलेला निरोप नायिकेला यानातल्या घड्याळाने तीन वर्षं साडेपाच महिन्यांनी मिळतो. दाभोळात तेव्हा अकरा वर्षं झालेली असतात. यानाचा वेग त्या क्षणी प्रकाशाच्या ९४ टक्के आहे, म्हणून एका तासाचा निरोप पूर्ण उतरायला पावणेसहा तास लागतात. यंत्राला थांबून तो सरळ करून ऐकवता येईल, पण नायिका थांबत नाही, येईल तसा ऐकते. ताणलेल्या, जाड झालेल्या आवाजात आईचा पहिला शब्द ओळखू यायला किती सेकंद लागतात, ते मोजा आणि तेवढी ओळ लिहा.